कळंबच्या सुट्टीची गोधडी

"इंग्रजी शाळंतली म्हणं! इंग्रजीतबी बोलत न्हाय न् मराठीतबी न्हाय. शिकवलंय तरी काय हिला?"

हे सुरेखावैनी, मावशीची सून, म्हणाली. मागच्या अंगणातल्या चुलीपाशी बसून ती भाकरी थापत होती आणि माझी मावशी शेंगा फोडत होती. मी पडवीत भिंतीला टेकून बसले होते. मध्ये एक पत्र्याचं दार होतं, तेही उघडंच. वैनीने आवाज खाली केला नव्हता. मला ऐकू गेलं तरी मी उठून काही विचारणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मावशी हसली. "न्हाय बोलत तर न्हाय. तू बोलतीस की दोघींच्या वाटचं," ती म्हणाली, आणि वैनीने भाकरी परातीत जरा जास्तच जोरात आपटली. मी सुईत दोरा ओवत होते. दोरा ओठांनी ओला केला, पुन्हा प्रयत्न केला, आणि मान वर केली नाही. मांडीवर काळ्या छत्रीच्या कापडाची एक मेंढी होती आणि तिला अजून पाय लावायचे होते.

त्या उन्हाळ्यात मी कळंबला गोधडी करायला आले होते. मी तिला गोधडी म्हणत नव्हते, क्विल्ट म्हणत होते. मावशी वाकळ म्हणायची. पुण्यातल्या एका डिझाईन कॉलेजची लेखी परीक्षा मी पास झाले होते. आता मुलाखत होती, आणि तिथे स्वतःच्या हाताने केलेली एक वस्तू घेऊन जायची होती. विषय त्यांनीच दिला होता: आठवणीतली सुट्टी. माझ्या वर्गातल्या मुली सुट्टीत मनालीला, केरळला जाऊन आल्या होत्या. माझी सुट्टी म्हणजे कळंब. बारामतीहून इंदापूरच्या एसटीत बसायचं, जंक्शन नावाच्या फाट्यावर उतरायचं, तिथे तात्या मोटारसायकल घेऊन उभे असायचे. तात्या म्हणजे मावशीचे यजमान. माझी बॅग पुढे टाकीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "बसा मॅडम." एवढंच. कळंबपर्यंत ते दुसरा शब्द बोलायचे नाहीत, आणि मला ते फार आवडायचं.

पप्पांचं बारामतीत ठिबक सिंचनाच्या पाइपांचं दुकान होतं. ते रागीट नव्हते. उलट फार समजावून बोलायचे, आणि समजावून बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. लेखी परीक्षेचा निकाल पाहून ते म्हणाले होते, "मुलाखतीत घेतलं तर जा. मी अडवणार नाही. नाही घेतलं, तर मग इंदापूरच्या स्थळाला हो म्हणायचं. दोन्हीकडे नाही म्हणत बसायचं नाही." मम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. माझी मान हलणं हेच आमच्या घरात माझं बोलणं समजलं जायचं. त्या मानेचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावायचा.

कळंबला मात्र मानसुद्धा हलवावी लागत नसे. लहानपणापासून दर मे महिन्यात मी तिथे जायचे, आणि तिथे मला कुणी काही विचारायचं नाही. शाळेत बाई विचारायच्या, ट्यूशनमध्ये सर विचारायचे, घरी आलेले पाहुणे विचारायचे, "काय, इंग्लिशमध्ये एखादी पोएम म्हणून दाखव." कळंबला माणसांना एवढा वेळ नव्हता. पहाटे वीज यायची, आणि सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम घुमायला लागायच्या. तात्या अंथरुणातूनच म्हणायचे, "आली." मग त्यांच्या चपलांचा आवाज दूर दूर जायचा. दुपारी आवाजच नसायचा. कुत्रंसुद्धा चिंचेखाली पालथं पडलेलं. कालव्याला पाणी सुटलं की लांबून एक घरघर यायची, फ्रीज चालू असल्यासारखी. संध्याकाळी रिकाम्या रानात मेंढ्या बसायला यायच्या. उसाचं पीक निघालं की तात्या मेंढरंवाल्यांना बोलवायचे. मेंढ्या काही दिवस त्या रानात मुक्काम करायच्या, रानाला खत व्हायचं. मेंढक्या जाळीचं कुंपण घालायचा, त्याला वाघूर म्हणतात. त्या वाघुरीच्या आत काळ्या मेंढ्यांचा एक ढीग हलत राहायचा, आणि मी बांधावर बसून बघायचे. कुरडया करायच्या दिवशी मावशी गव्हाचा चीक शिजवायची. गरम चीक वाटीत घेऊन त्यात दूध आणि साखर. मला आजही कुणी विचारलं की सुखाची चव कशी असते, तर मी चीक म्हणेन. पण कुणी विचारत नाही, आणि आता इंदापुरात आमच्याकडे कुरडया दुकानातून आणतात.

गोधडीसाठी मी मावशीकडे जुने कपडे मागितले. तिने माळ्यावरून एक बोचकं खाली टाकलं. धूळ उडाली, वैनी शिंकली. "घे," मावशी म्हणाली, "आमच्या घराण्याचं समदं ह्याच्यात हाय." ते खरंच होतं. तात्यांचं विरलेलं धोतर होतं, वैनीच्या लग्नातला एक ब्लाऊज जो आता तिच्या दंडात जात नव्हता, पडद्याचं कापड, मावशीची एक गेरूच्या रंगाची सुती साडी, जी नेसून ती वर्षानुवर्षं खुरपायला जायची. मी बारामतीहून माझा शाळेचा निळा पिनाफोर आणला होता. त्याचा कालवा केला. चुण्या उसवल्या की आत कापड गडद होतं आणि बाहेर उन्हाने फिकं झालेलं, त्यामुळे पाणी हलल्यासारखं दिसत होतं. धोतराच्या पट्ट्या पिळून कुरडया केल्या आणि त्या साडीच्या तुकड्यावर वाळत घातल्या. मोडक्या छत्रीच्या मेंढ्या झाल्या. घराच्या दाराला मी फक्त एका बाजूने टाके घातले, म्हणजे ते दार उघडता यायचं, आणि आत काळोखासाठी काळंच कापड होतं, त्यावर एक पिवळा ठिपका, देव्हाऱ्यातला.

मावशी येता-जाता थांबायची, कमरेवर हात ठेवून बघायची. "ही मेंढी व्हय? मला वाटलं म्हस." मी हसायचे. "आन् ही लोंबतीया कशाला?" मी सांगायचे, ते दार आहे. "दार हाय तर कडी लाव की." एके दिवशी ती माझ्याशेजारी खालीच बसली आणि गोधडी आपल्या पायांवर ओढून घेतली. "रुतू," ती म्हणाली. माझं नाव ऋतुजा, पण कळंबला ते कुणाला जमलं नाही. "ह्याच्या पोटात काहीच न्हाय गं. आत दोन-तीन जुनी लुगडी घालाय पायजेत. ही पांघरायची कशी?"

"पांघरायची नाही मावशी. भिंतीवर लावायची."

"भितीला थंडी वाजती व्हय?"

वैनी आतून एवढ्याने हसली की तात्या बाहेरून विचारायला आले, काय झालं म्हणून. मावशीनेच त्यांना सांगितलं, आणि मग दोन दिवस तात्या भिंतीपाशी गेले की हात चोळून म्हणायचे, "गारठलीया बिचारी." मीही हसले. त्या दोन दिवसांत मी जेवढी हसले तेवढी नंतर बरीच वर्षं हसले नसेन.

सगळ्यात जास्त वेळ मला मधल्या भागाला लागला, आणि तिथे मी काहीच केलं नव्हतं. मावशीची ती गेरूच्या रंगाची साडी मी मध्ये आडवी पसरली आणि तशीच सोडली. ना टाका, ना चित्र. ते ऊस निघालेलं रान होतं, दुपारचं. कालवा, घर, मेंढ्या, कुरडया सगळं कडेकडेने. मध्ये नुसतं मोकळं. कितीदा मी तिथे एखादं झाड ठेवून पाहिलं, एक बैल ठेवून पाहिला, आणि काढून टाकला. मोकळं ठेवल्यावर मला ते बघताना कान बंद झाल्यासारखं वाटायचं, कळंबच्या दुपारी वाटायचं तसं. मला हे शब्दांत तेव्हा सांगता आलं नसतं. आता येतंय, पण आता ते कुणाच्या उपयोगाचं नाही.

मग बारामतीला मम्मीच्या चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न आलं आणि मला घरी बोलावलं. गोधडी जवळजवळ झाली होती. एका कोपऱ्याची कड राहिली होती आणि मागच्या बाजूचे काही दोरे. लग्नसराईच्या गर्दीत एसटीतून ती नेली असती तर कुणीतरी तिच्यावर भाज्यांची पिशवी ठेवली असती. मी मावशीला म्हटलं, "ही जपून ठेव. मुलाखतीच्या आधी येऊन घेऊन जाईन." ती म्हणाली, "तू निवांत जा. काळजी करू नगं." तिने खरोखरच जपून ठेवली. तिच्या समजुतीप्रमाणे जपली.

लग्नाच्या मांडवात इंदापूरच्या लोकांनी मला पाहिलं. ठरवून पाहिलं, हे मला नंतर कळलं. त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं की निळ्या साडीतली एक बाई जेवणाच्या पंगतीत माझ्यासमोर बसली होती आणि मी किती खाते हे बघत होती.

मी कळंबला परत गेले तेव्हा मावशी दारातच उभी होती. हात पाठीमागे, चेहऱ्यावर लहान मुलीसारखं काहीतरी लपवल्याचा आनंद. "डोळं मिट," ती म्हणाली. मी मिटले. तिने माझ्या हातांवर ती ठेवली. ठेवल्याठेवल्याच मला कळलं, कारण ती जड होती.

मी डोळे उघडले. गोधडीच्या पोटात तीन लुगडी घातली होती. मागे नवं फुलाफुलांचं अस्तर, बाजारातल्या कापडाच्या गठ्ठ्यातलं असावं तसं झगझगीत. कडेला लाल काठाची पट्टी. आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, बोटभर अंतराने, धावदोऱ्याच्या रांगा. कालव्यावरून, मेंढ्यांच्या पाठीवरून, कुरडयांवरून. नांगरट केल्यासारख्या. दार चारी बाजूंनी शिवून टाकलं होतं. आतला ठिपका आता कधीच दिसणार नव्हता. आणि मधल्या मोकळ्या रानात वैनीने पिवळ्या दोऱ्याने मोठं कमळ भरलं होतं, आठ पाकळ्यांचं, प्रत्येक पाकळीत लाल टिकली.

"अगं रुतू," मावशी म्हणाली, "मधी निस्तं उजाड व्हतं. पुण्याची मोठी माणसं बघणार, म्हनतील पोरीला येळ पुरला न्हाय." वैनी चुलीपासून उठून आली होती, ओले हात पदराला पुसत. "कमळ मी केलं. आवडलं का?" तिच्या आवाजात थट्टा नव्हती. वैनी माझ्याशी पहिल्यांदाच थट्टा न करता बोलत होती.

मावशीच्या घरची एक रीत आहे. हातात घेतलेली वाकळ अर्धी सोडायची नाही. अर्धी वाकळ घरात पडली की घरातलं कुणीतरी अर्ध्या वाटेवर अडकतं. आणि शेवटचा कोपरा मिटवताना आत भाकरीचा तुकडा घालायचा. उपाशी पोटाची वाकळ ऊब देत नाही. मी कड राहिलेल्या कोपऱ्यावरून हात फिरवला. तिथे काहीतरी टणक लागलं. मावशी म्हणाली, "घास हाय तो. तुझ्या नावानं घातलाय." मग तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा किंचित बदलला. "का गं? काय चुकलं का?"

माझ्या बोटांच्या खाली तो तुकडा होता. मी म्हटलं, "नाही."

टाके उसवता येतील का, याचा विचार मी केला नाही असं नाही. पडवीत बसून मी एक रांग उसवून पाहिली. मावशीचे टाके इतके बारीक आणि आवळ होते की छत्रीचं जुनं कापड त्यांच्या भोकांवरून फाटायला लागलं. एका मेंढीची पाठ उसवली. मी थांबले. मुलाखत अगदी तोंडावर होती. मी ती रांग परत घातली, मावशीला दिसू नये म्हणून तिच्यासारखेच टाके घालायचा प्रयत्न करत.

पुण्याला माझ्याबरोबर मावशी आली. मम्मीला बरं नव्हतं आणि पप्पांचं दुकान सोडून निघणं जमलं नाही. मावशी तिची लग्नाकार्याला नेसायची हिरवी साडी नेसली होती. गाडीत तिने गोधडी स्वतःच्या मांडीवर घेतली, मला दिली नाही. शेजारच्या बाईला हडपसरपर्यंत सांगत होती, "भाची हाय. हुशार हाय लई. फकस्त बोलत न्हाय." कॉलेजात फोन बाहेर ठेवून आत जायचं होतं. मी फोन तिच्या पिशवीत टाकला. त्या फोनमध्ये गोधडीचे आधीचे फोटो होते, मधलं मोकळं रान, उघडं दार, सगळं.

आत तिघं होते. मधल्या बाईंचे केस पांढरे आणि बारीक कापलेले. त्यांनी गोधडी टेबलावर पसरली आणि म्हणाल्या, "ब्यूटिफुल हँडवर्क." मग त्यांनी चष्मा लावला, गोधडी उलटी केली आणि अस्तरावरून हळूहळू बोट फिरवलं. बराच वेळ. "हे टाके एका माणसाचे नाहीत," त्या म्हणाल्या. रागाने नव्हे. "निदान तीन जणींचे आहेत. यातला तुझा हात कुठला?"

उत्तर सोपं होतं. तीन वाक्यांचं उत्तर. इंग्रजीत दिलं असतं तरी चाललं असतं. तेवढ्यासाठी तर पप्पांनी मला त्या शाळेत घातलं होतं. दोन मिनिटं द्या, बाहेर माझा फोन आहे, त्यात फोटो आहेत, ही आधी अशी नव्हती, एवढं म्हणायचं होतं. पण दाराला काचेची पट्टी होती आणि त्या पट्टीतून बाहेरचं बाकडं दिसत होतं. बाकड्यावर हिरवी साडी. मावशी काचेतून आत बघत होती. आमची नजर मिळाली तसा तिने हाताने मला इशारा केला, हनुवटीखाली बोटं उघडमीट करून, शाळेच्या गॅदरिंगला स्टेजवर अडखळलेल्या पोराला आई करते तसा. बोल. बोल की.

मी फोन मागायला दार उघडलं असतं तर ती म्हणाली असती, "कशाला?"

"टेक युअर टाइम," दुसरे एक जण म्हणाले. मी टेबलाकडे बघत राहिले. बाईंचं बोट कोपऱ्यावर थांबलं. त्यांनी तो चाचपला. "आत काहीतरी आहे. काय आहे हे?" त्यांना खरंच उत्सुकता होती. मी तेही सांगितलं नाही. त्यांनी थोडी वाट पाहिली, माझी वाट पाहणाऱ्या लोकांचा चेहरा मला चांगला ओळखता येतो, आधी मऊ असतो आणि मग मिटतो. त्यांचाही मिटला. त्यांनी गोधडीची व्यवस्थित घडी घातली आणि दोन्ही हातांनी मला परत दिली. "थँक यू, ऋतुजा."

बाहेर मावशी उभीच राहिली होती. "एवढ्यात झालं? काय म्हणले?"

"छान आहे म्हणाल्या."

"मग! म्या म्हणलं न्हवतं?" तिने तिथेच बाकड्यावर डबा उघडला. भाकरी, शेंगांची चटणी, लिंबाचं लोणचं. बाकीची मुलं-मुली मोठमोठ्या फाईली घेऊन बसली होती, त्यातल्या एका मुलीलाही तिने चतकोर भाकरी दिली. त्या मुलीने खाल्ली आणि "काकू, मस्त आहे" म्हणाली. मला वाटतं ती मुलगी निवडली गेली असावी. का वाटतं ते सांगता येत नाही.

निकाल वेबसाइटवर लागला. पप्पांनी नावांची यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. फोन हळूच टेबलावर ठेवला. त्यांना आनंद झाला नव्हता, एवढं मला त्यांच्याबद्दल लिहून ठेवायचं आहे. ते म्हणाले, "ठीक आहे," आणि दुकानात निघून गेले. मावशीने फोनवर शिव्या घातल्या. "वशिल्याबिगर कुठं काय हुतंय गं. त्यांच्यातल्याच पोरी घेतल्या आसतील." मी हं म्हटलं. मम्मीलाही मी काही सांगितलं नाही. मावशीला कळेल या भीतीने मी कुणालाच सांगितलं नाही, आणि न सांगणं मला काही नवं नव्हतं. माझ्याकडे ते एकच कसब होतं.

आज हे लिहिते आहे ते इंदापुरात, माझ्या घरात. दुपार आहे, मुलगी शाळेत आहे, सासूबाई आत झोपल्या आहेत. म्हणजे पुढे काय झालं ते उघडच आहे. नवरा चांगला आहे. तो कमी बोलतो आणि मी कमी बोलते, लोक म्हणतात जोडा जमला. मी त्यानंतर काही केलं नाही. सुई हातात घेते ती बटण लावायला. मावशी अजून येते, दिवाळीला, मुलीच्या वाढदिवसाला. पण येते तेव्हा सोफ्याच्या कडेला बसते, परक्या घरी बसावं तशी, आणि माझ्याशी बोलताना आधी माझ्या चेहऱ्याकडे बघून घेते. पूर्वी ती असं करत नसे. त्याचं कारण मला माहीत आहे.

निकालानंतर थोड्याच दिवसांनी इंदापूरचे पाहुणे रीतसर बघायला आले. मम्मीने सकाळपासून घर पुसलं. पोह्यांत शेंगदाणे जास्त घातले. आणि मला न विचारता कपाटातून ती गोधडी काढून हॉलमधल्या दिवाणावर पसरली, कमळ बरोबर मध्ये येईल अशी. मावशी आणि तात्या कळंबहून आले होते. मावशीने पुन्हा तीच हिरवी साडी नेसली होती. मांडवातली निळ्या साडीची बाई आज अबोली साडीत आली, आणि दिवाणावर, बरोबर कालव्यावर बसली. मुलगा शेजारी. तो अंगठ्याचं नख दुसऱ्या नखाने सोलत होता. मला त्याची थोडी कीव आली, अजूनही येते.

प्रश्न मला विचारले जात होते आणि उत्तरं मम्मी देत होती. स्वयंपाक येतो का, येतो. गाडी चालवते का, स्कूटी चालवते. इंग्रजी बोलता येतं ना, फाडफाड. "मग बोलत का न्हाय?" बाई म्हणाल्या. सगळे हसले. "शांत आहे," पप्पा म्हणाले. "बरंच हाय की," बाई म्हणाल्या, "आमच्याकडं बोलणारी लई हायेत. एक तरी ऐकणारी पायजे." पुन्हा सगळे हसले. तात्या हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

मग बाईंचा हात गोधडीवर गेला. त्यांनी टाके बोटाने दाबून पाहिले, कड उलटून पाहिली, कमळावरून तळवा फिरवला. "ही कुणी केली?"

"हिनेच," मम्मी म्हणाली.

बाईंनी मावशीकडे पाहिलं, खरं का म्हणून. आणि मावशी पुढे सरकून बसली. दोन्ही हात गोधडीवर ठेवून ती म्हणाली, "समदी तिनंच केली. टाका न् टाका. आमी नुसतं बघत बसायचो. मी म्हणलं हात लावू का, तर म्हणली, न्हाय मावशी, माझं मीच करनार." तिने हे इतक्या मायेने सांगितलं की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. तात्या जमिनीकडे बघायला लागले. बाई म्हणाल्या, "बया! एवढं बारीक काम. आजकालच्या पोरी सुई धरीत न्हाईत." त्यांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने मान हलवली, आणि पप्पांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं ते मागे टेकून बसले. ठरलं होतं. खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं की ठरलं.

मावशीचा चेहरा फुलला होता. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पाहुण्यांना म्हणाली, "पुण्याला दावली व्हती हिनं. मोठं कालेज. पर त्यास्नी कळलंच न्हाय बघा, काय चीज हाय ते. तुमाला एका नजरंत कळलं."

चहाचे कप वाजत होते. मम्मी साखर विचारत होती. मी मावशीचा हात माझ्या गुडघ्यावरून उचलला नाही. तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात,

"त्यांना कळलं होतं, मावशी. ती माझी राहिली नव्हती."